पाटकरी नसलेला पाट

जळगाव ते मुंबई रेल्वेनं 420 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हे अंतर जाऊन-येऊन कापायला त्याला चार-सव्वाचार मिलिसेकंद पुरतात. तार सरळ जात नाही, वाटेत यंत्रं लागतात, म्हणून प्रत्यक्षात वीस-तीस मिलिसेकंद धरावेत. गेमचा सर्व्हर मुंबईत असला, तर जळगावात खेळणाऱ्याला तेवढा उशीर जाणवतही नाही. पण त्याच घरात कुणीतरी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागलं, की बीजीएमआय खेळणाऱ्या पोराच्या पडद्यावर पिंगचा, म्हणजे या जाण्या-येण्याच्या वेळेचा, आकडा तीनशे-चारशेवर जातो, समोरचा गडी जागच्या जागी उड्या मारतो आणि आपण मेल्यावर आपल्याला कळतं की आपल्यावर गोळी झाडली होती. मुंबई काही दूर सरकलेली नसते. उरलेला सगळा वेळ गेमच्या माहितीच्या पुडक्यानं, म्हणजे पॅकेटनं, घरातच, राउटरच्या पोटात रांगेत उभं राहून काढलेला असतो. तरी आपण म्हणतो ‘नेट स्लो आहे’, आणि तक्रारीचं नावच चुकल्यामुळे पुढचा उपायही चुकतो. लॅगचं, म्हणजे या उशिराचं, दुखणं बहुतेक वेळा वेगाचं नसून पाळीचं असतं. एका प्रवाहावर अनेकांचा हक्क असला की पाळी कशी लावायची, या प्रश्नावर खानदेशात काही शतकं विचार झालेला आहे. पांझरा नदीच्या काठची फड बागायत हे त्याचं उत्तर. लॅगचा इतिहास सांगायचा तर मी फडापासून सुरुवात करीन, सिलिकॉन व्हॅलीपासून नाही.

आधी रांगेचा हिशेब मांडू. घरची लाइन वरच्या दिशेनं 10 एमबीपीएस नेते आणि राउटरात एक मेगाबाइट एवढी साठवणाची जागा आहे, असं समजा. फोटोंनी ती जागा भरली की तिच्या शेपटीला आलेल्या पॅकेटला आठशे मिलिसेकंद थांबावं लागतं, कारण आठ मेगाबिट दहाच्या वेगानं उपसायला तेवढा वेळ लागतोच. गेमची गरज तुलनेनं नगण्य असते. नेमबाजीचा खेळ तासाभरात मोजकेच एमबी खातो, सिनेमा तेवढे मिनिटभरात खाऊ शकतो. जळगावकराला हा फरक ठिबक आणि मोकाट पाणी या दोन शब्दांत समजेल. गेमला ठिबक हवं, थेंब थेंब पण ठरल्या क्षणी. फोटोंना मोकाट पाणी चालतं, दहा मिनिटं उशिरा आलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. अडचण अशी की राउटरला हा फरक कळत नाही. जो आधी आला तो आधी जाईल, एवढा एकच नियम त्याला शिकवलेला असतो. वरवर हा नियम फार न्याय्य वाटतो. पण ज्यानं एकदम हजार पॅकेटं आणून ओतली त्याला तो हजार जागा देतो आणि ज्यानं एक आणलं त्याला हजार-एकावी.

पांझरा साक्री तालुक्यातून उतरून धुळे शहरातून वाहते आणि पुढे तापीला मिळते. तिच्यावर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, दगडी बंधाऱ्यांची माळच आहे. ही व्यवस्था तीनचारशे वर्षांची मानतात. इंग्रजांनी 1818 मध्ये खानदेश घेतला तेव्हा ती चालू होती, आणि 1880 च्या खानदेश गॅझेटियरलाही तिची दखल घ्यावी लागली. रचना साधी आहे. नदीत आडवा बंधारा, त्याच्या बाजूनं निघणारा पाट, पाटाला फुटणाऱ्या चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी नेणारे सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदीकडे सोडणारे सांडवे. पाटाची लांबी दोनापासून बारा किलोमीटरपर्यंत आणि त्यातून सेकंदाला साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी वाहतं, असं अभ्यासकांनी नोंदलं आहे. या पाण्याखालची जमीन बहुधा चार फडांत वाटलेली असते. एक फड दहा हेक्टरचा असेल किंवा दोनशेचा, सरासरी शंभर-सव्वाशेचा. एका फडात एकच पीक. यंदा ऊस कुठल्या फडात, हंगामी पीक कुठल्या, कुठला फड पडीक ठेवायचा, हे दरवर्षी गाव ठरवतं.

बंधारे अनेक ठिकाणी आहेत, दगड कुणीही रचतो. फडाचं वेगळेपण माणसांच्या नेमणुकीत आहे. शेतकऱ्यानं आपल्या शेताला पाणी स्वतः द्यायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. तो एकामागून एक शेत भिजवत जातो, शेत कुणाचं आहे हे न पाहता, आणि एक फड संपला की पुढच्याकडे वळतो. पिकाची राखण जागल्या करतो. त्यांचा मोबदला सुगीला धान्याच्या वाट्यानं मिळायचा, म्हणजे पीक सगळ्यांचं नीट आलं तर पाटकऱ्याचंही पोट भरे. एका फडात एकच पीक असल्यामुळे सगळ्या शेतांची तहान एकाच वेळी आणि एकाच मापाची. ऊस आणि बाजरी शेजारी-शेजारी लावली तर कुणाला किती दिवसांनी पाणी यावर रोज भांडण होणार. ते भांडण पेरणीपूर्वीच मिटवलेलं असे. त्यावरची सर्वांत हुशार तजवीज जमिनीच्या वाटणीत होती. बहुतेक खातेदारांचे तुकडे एकाहून अधिक फडांत पसरलेले असत. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड सोडावा लागला तर तोटा एकाच्या डोक्यावर न पडता सगळ्यांना थोडाथोडा बसे. नदीवरच्या वरच्या-खालच्या गावांचं नातंही असंच जोडलेलं होतं. वरच्या बंधाऱ्याखालच्या शेतांत मुरलेलं पाणी झिरपून पुन्हा पात्रात उतरे आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्याला लागे.

सरकारी इंजिनिअरांच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नोकरीच्या आरंभीच धुळे भागात आले. तिथे पांझरेच्या एका पाटाचं पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन त्यांनी बसवला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. त्यात जमिनीचे गट पाडून, गटागटानं पीक आलटूनपालटून घेऊन, एकाच जागी उसाला पाणी पाजत बसण्याला लगाम घातला. फड पाहिलेल्या माणसाला या पद्धतीत नवं असं फारसं काही दिसणार नाही. फरक एकच आणि तो मोठा. नीरेवर नियम खात्याचा होता, पांझरेवर गावाचा.

इंटरनेट बांधणाऱ्यांनी हाच रस्ता उलट्या दिशेनं तुडवला. त्यांनी आधी पाट खणले आणि पाटकऱ्याची आठवण नंतर काढली. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ यांच्यामधला दुवा सेकंदाला 32 हजार बिटांवरून चक्क 40 बिटांवर घसरला. अंतर होतं सुमारे चारशे यार्ड. प्रत्येक संगणक आपापलं पाणी जोरानं सोडत होता आणि पोचलं नाही म्हणून तेच पुन्हा सोडत होता. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये त्यावर जो उपाय मांडला त्याचं सार असं, की पॅकेट हरवलं तर ती सूचना समजावी आणि पाठवणाऱ्यानं हात आखडता घ्यावा. पण पुढच्या वीस वर्षांत मेमरी स्वस्त झाली. पॅकेट हरवणं म्हणजे नामुष्की, अशा समजुतीनं उपकरणं बनवणाऱ्यांनी राउटरांच्या पोटात मोठमोठे हौद बसवले. हौद भरेपर्यंत काही हरवत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला सूचना मिळत नाही, म्हणून तो आणखी ओततो. 2010 च्या सुमारास जिम गेटीज या अनुभवी संगणकतज्ज्ञाला आपल्याच घरच्या लाइनवर हा प्रकार दिसला आणि फुगलेल्या हौदांच्या या विकाराला ‘बफरब्लोट’ असं नाव पडलं. गमतीचा भाग असा की अमर्याद साठवणानं कोंडी सुटत नाही, हे जॉन नेगल यांनी 1985 मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांनी सुचवलेला उपायही पाळीचाच होता. प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी करा आणि प्रत्येक रांगेतून फेरीफेरीनं उचला. पाटकरी दुसरं काय करतो?

आज एफक्यू-कोडेल या बोजड नावानं जो उपाय मिळतो, तो दोन विचारांचा संसार आहे. प्रत्येक प्रवाहाची रांग निराळी, हा एक. दुसरा विचार कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडला. रांग किती लांब आहे ते मोजू नका, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजा, आणि थांबणं पाच मिलिसेकंदांच्या वर रेंगाळू लागलं तर एखादं पॅकेट मुद्दाम टाकून द्या. सांडवाच तो. राउटरात ‘एसक्यूएम’ नावाची सोय असेल, किंवा ओपनडब्ल्यूआरटीसारखी मुक्त प्रणाली त्यावर चढवता येत असेल, तर हे काम घरबसल्या होतं. त्यातली एक पायरी मात्र ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. लाइनचा मोजलेला वेग जेवढा भरेल त्याच्या दहाएक टक्के खालीच राउटरला मर्यादा घालायची. पैसे पूर्ण भरून वेग मुद्दाम कमी का घ्यायचा? कारण रांग नेहमी अरुंद जागेच्या तोंडाशी लागते. ती जागा कंपनीच्या यंत्रात असेल तर तिथल्या हौदावर तुमचा अधिकार चालत नाही. घरचा पाट थोडा अरुंद केला की रांग घरात येते आणि आपल्या पाटकऱ्याच्या हाताखाली येते. पांझरेच्या पाटाचंही असंच असे. पाटाला झेपेल तेवढंच आत, उरलेलं बंधाऱ्यावरून खाली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. एवढी उठाठेव कशाला, मोठा प्लॅन घ्या. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. 2004 च्या धोरणात भारत सरकारनं 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, आणि त्या लाइनवर कुठल्याही पाटकऱ्याला दोन फड भिजवता आले नसते. खरोखरच्या टंचाईवर पाळी हा उपाय नाही, तिथे पाणीच वाढवायला हवं. पण 2004 नंतर वेग शेकडो पटींनी वाढला आणि लॅगची तक्रार तरीही जिवंत आहे, हे आक्षेप घेणाऱ्यानं समजावून सांगायला हवं. मला त्याचं उत्तर खानदेशाच्या विहिरींत दिसतं. विजेचे पंप आले आणि ज्याला परवडलं त्यानं फडाच्या पाळीतून अंग काढून घेतलं. स्वतःची विहीर, स्वतःची मोटर, हवं ते पीक, हवं तेव्हा पाणी. काही वर्षं हे फार छान चाललं. मग नदीकाठच्या उपशानं नदीचाच झरा आटत गेला, वर धरणं झाली, पात्रात बारमाही पाणी राहीना, आणि एका फडात एक पीक ही शिस्त मोडली. पूर्वेला यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बोअर वर्षागणिक खोल जात राहिले. प्रत्येकानं पाळीपासून सुटका विकत घेतली खरी, पण खाली सगळ्यांचं पाणी एकच होतं. घरातही तसंच घडतं. वायफायवर लॅग येतो म्हणून पोरगा मोबाइल डेटावर जातो, आणि संध्याकाळी टॉवरवर अख्खा मोहल्ला त्याच्या शेजारी उभा असतो. फायबरची लाइनही घरापर्यंत एकट्याची वाटते, पण प्रचलित जीपॉन रचनेत अडीच गिगाबिटांची एक काच बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेली असते. शिवाय पाठवणाऱ्या प्रणाली मुळात उपलब्ध रस्ता भरेपर्यंत वेग वाढवत नेतात. 50 चे 200 एमबीपीएस केले तर फोटो लवकर संपतील, रांग कमी वेळ टिकेल, पण जेवढा वेळ ती राहील तेवढा वेळ गेम अडकेलच.

दुसरा आक्षेप फडाविषयी आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. जुन्या गावव्यवस्थेचं कौतुक करताना आपण तिच्या कडा घासून गुळगुळीत करतो. फडात पाण्यावरचा हक्क जमिनीच्या मालकीतून यायचा. ज्याचा बागायतीत तुकडाच नाही त्याला पाळीही नव्हती, आणि शेत भिजवणाऱ्या हातांचा त्या पाण्यावर हक्क असेलच असं नव्हतं. फडात समता होती ती आतल्यांपुरती. हे मान्य करूनही माझा मुद्दा टिकतो, कारण फड आदर्श समाज होता असं मी म्हणतच नाही. वाटप हे वेगळं कौशल्य आहे, ते प्रवाह वाढवण्याहून निराळं आहे आणि त्यासाठी नेमलेला माणूस किंवा नेमलेला नियम लागतो, एवढंच फड दाखवतो. उलट ही मर्यादाच घरातल्या राउटरकडे नीट पाहायला लावते. घरातही कुणाचा प्रवाह मोजायचा हे ठरवावं लागतं. दर जोडणीला एक रांग दिली तर एकाच वेळी पन्नास जोडण्या उघडणारं डाउनलोड पन्नास वाटे घेऊन जातं. दर उपकरणाला एक रांग दिली तर दोन मोबाइल, टीव्ही आणि लॅपटॉप बाळगणारे काका चार वाटे घेतात आणि एका फोनवर अभ्यास करणारी पुतणी एकच. खातेदार कोण, हा फडाचा जुना प्रश्न इथे सेटिंगच्या पानावर येऊन बसतो.

तिसरी सूचना गेम खेळणाऱ्यांचीच असते. राउटरात ‘गेमिंग मोड’ लावा, गेमला पहिला मान द्या. याचा इतिहास फडापेक्षा फार जवळचा आहे. जळगावच्या कापूस व्यापाऱ्याला मुंबईचा भाव विचारायचा तर ट्रंक कॉल लावावा लागे, आणि ट्रंक लाइन सगळ्या गावाची सामायिक. तिथे पाळी पैशांनी विकत मिळायची. साधा कॉल तासन्‌तास थांबे, अर्जंटला जास्त दर, आणि लायटनिंग म्हणाल तर कित्येक पट मोजून सगळ्यांच्या पुढे. ज्याची घाई खरी त्याला लवकर मिळे हे कबूल, पण पैसेवाल्याची घाई नेहमीच खरी ठरायची. शेवटी सगळेच अर्जंट मागू लागले की अर्जंटची रांगही साध्याइतकीच लांब होते. घरातला अग्रक्रम असाच फसतो. आज गेमला मान, उद्या बाबांच्या मीटिंगला, परवा ताईच्या ऑनलाइन परीक्षेला, आणि यादीत सगळेच वर. पाळीच्या पद्धतीत हे भांडण निघत नाही. गेमची पॅकेटं थोडी आणि बारीक असल्यामुळे तिच्या रांगेत कधी साचत नाहीत, आली की पुढच्या फेरीत उचलली जातात. कुणाचंही न हिसकावता तिला हवं ते मिळतं. फोटोंना जो उशीर होतो तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

वायफायचं दुखणं थोडं वेगळं आहे, त्याची गल्लत इथे नको. हवेत एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. मागच्या खोलीतला जुना फोन दोन भिंतींपलीकडून हळूहळू बोलत राहिला तर त्याच्या वाक्यागणिक बाकीचे ताटकळतात. त्यावर उपाय साधा. राउटर कपाटामागून काढून मधल्या जागी उंचावर ठेवावा, शक्य तर 5 गिगाहर्ट्झ वापरावं, आणि खेळायच्या यंत्राला सरळ केबल जोडावी. रांग कुठे लागली आहे हे ओळखायचं असेल तर केबलवरून पिंग चालू ठेवून शेजारच्या फोनवरून मोठी फाइल चढवून पाहावी. आकडा फुगला तर हौद राउटरात किंवा लाइनवर आहे. फुगला नाही आणि वायफायवरच फुगतो, तर दोष हवेचा. आणि गेमचा सर्व्हर सिंगापूरला असला तर समुद्राखालच्या अंतराचे चाळीसेक मिलिसेकंद कुणाचा बापही कमी करू शकत नाही.

साक्री तालुक्यात काही गावांतून फडाची बागायत अजून थोडीफार तग धरून आहे. बाकी ठिकाणी बंधारे उभे आहेत, पाट बुजत चाललेत आणि शेतोशेती मोटरी आहेत. त्या मोटरींना थ्री-फेज वीज मिळते ती दिवसाचे आठ तास, फिडरच्या पाळीनं. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वेळापत्रक महावितरणचं असतं. सौर वाहिनी आलेल्या गावांना दिवसाची वीज मिळू लागली आहे. बाकीच्या ठिकाणी फडाची पाळी सोडून आलेला विहीरवाला रात्री दीडचा गजर लावून झोपतो आणि लाइट आली की बॅटरी घेऊन पाण्याची दारं मोडायला शेतात जातो. पाटकऱ्याचं काम आता त्याला एकट्याला करावं लागतं, तेही अंधारात.